आधी बाळाने हलायचं

सात महिन्यांची मुलगी गादीवर पालथी पडलेली. मान जेमतेम उचललेली, उजवी मूठ छातीखाली अडकलेली, पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. हातभर अंतरावर लाल खुळखुळा. तिला तो हवा होता, हे डोळ्यांवरून कळत होतं. थेरपिस्ट म्हणून मला शिकवलं होतं तसं मी केलं असतं, तर तिचे पाय धरून, गुडघे पोटाशी घेऊन, एक पाय पुढे, मग दुसरा, असं तिला खुळखुळ्यापर्यंत नेलं असतं आणि वहीत लिहिलं असतं: रांगण्याचा सराव, दहा वेळा. त्या दिवशी का कोण जाणे, तसं केलं नाही. तिच्या तळव्याला माझा तळहात लावून ठेवला आणि थांबले. मनात आकडे मोजत होते. अकराला तिच्या पायाने माझ्या हातावर हलकासा रेटा दिला. तेवढ्यापुरता मी हात घट्ट धरला. ती दोन बोटं पुढे सरकली, दचकली, थांबली. मग पुन्हा रेटा आला. या वेळी सहाला.

तान्ह्या बाळांसाठीच्या रोबोटबद्दल माझं जे काही मत आहे, ते त्या अकरा आकड्यांत तयार झालं.

सेरेब्रल पाल्सी हा एकच एक आजार नाही. वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच झालेल्या इजेमुळे हालचालीत आणि तोल सांभाळण्यात ज्या अडचणी कायम राहतात, त्या सगळ्यांना मिळून दिलेलं ते नाव आहे. इजा वाढत नाही. शरीर मात्र वाढत असतं, त्यामुळे अडचणींचं रूप बदलत जातं. श्रीमंत देशांतही दर हजार जन्मांमागे साधारण २ मुलांच्या वाट्याला हे येतं. औषधाने मेंदूतली इजा भरून निघत नाही. उरते थेरपी. आणि थेरपीत आता यंत्रं आली आहेत, तीही अजून बसता न येणाऱ्या बाळांसाठी.

यावर लोक लगेच दोन बाजूंना उभे राहतात. ‘आईचे हात असताना लोखंड कशाला?’ म्हणणारे एका बाजूला, आणि एखादा व्हिडिओ बघून ‘आता रोबोटच मुलांना चालतं करणार’ असं धरून बसलेले दुसऱ्या बाजूला. खरं सांगायचं तर दोघांशीही वाद घालून मी दमले आहे. मी एवढंच विचारते, की आधी कोण हलतं? बाळ आधी आणि यंत्र मागून, असं असेल तर त्यावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, यासाठी मी भांडेन. यंत्र आधी आणि बाळ मागून, असं असेल तर ते फुकट मिळालं तरी नको.

ओक्लाहोमा विद्यापीठातल्या फिजिओथेरपीच्या प्राध्यापक थुबी कोलोबे, तिथलेच संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू फॅग आणि व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातले पीटर पिडको यांचं यंत्र या क्षेत्रात बरंच गाजलं. दिसायला ते स्केटबोर्डचं चुलत भावंड. मऊ गादी, खाली चाकं, वर पोटावर अलगद बांधलेलं बाळ, हातपाय जमिनीला टेकतील असे मोकळे. अंगात सेन्सर बसवलेलं झबलं. बाळाने पाय मारला किंवा अंगाचा भार एका बाजूला टाकला, की यंत्र ते टिपतं आणि त्याच दिशेला बाळाला थोडं पुढे नेतं. काही प्रयोगांत डोक्यावर मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी टोपीही असते. यंत्राचं नाव लांबलचक आहे, सेल्फ इनिशिएटेड प्रोन प्रोग्रेशन क्रॉलर. पण त्यातले पहिले दोन शब्द मोलाचे आहेत. सुरुवात बाळाने स्वतः करायची.

यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. कोणतंही बाळ रांगायला शिकताना नुसता गोंधळ घालतं. हात मारतं, पाय झाडतं, गोल फिरतं, मागे सरकतं आणि चिडतं. त्या गोंधळात एखादी लाथ बरोबर लागते आणि ते बोटभर पुढे जातं. मेंदू ती लाथ लक्षात ठेवतो. सेरेब्रल पाल्सीचा धोका असलेलं बाळही सुरुवातीला असाच खटाटोप करतं, पण त्याची लाथ त्याला कुठेच नेत नाही. शंभरदा करून काहीच घडत नसेल, तर कोण करत राहील? ते सोडून देतं. आणि याच महिन्यांत मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या तंतूंची जागेसाठी चढाओढ चाललेली असते. वापरातले तंतू टिकतात, बाकीचे मागे हटतात. म्हणजे मूळची इजा एक, आणि न वापरल्यामुळे वरून होणारं नुकसान दुसरं. पहिल्यावर आपला इलाज नाही. दुसऱ्यावर असू शकतो, आणि तो याच वयात. इथवर मी यंत्राच्या बाजूने आहे.

पण हा शोध यंत्राने लावलेला नाही. तो एका रिबिनीचा आहे.

कॅरोलिन रोव्ही-कोलियर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. घरात तान्हं बाळ, हातात अभ्यासाचं काम. बाळ थोडा वेळ रमावं म्हणून त्यांनी पाळण्यावरच्या चिमणाळ्याला रिबीन बांधली आणि तिचं दुसरं टोक बाळाच्या घोट्याला. बाळाने पाय हलवला की वरचे लटकन हलायचे. जोरात हलवला की जोरात. थोड्याच वेळात बाळ मुद्दाम पाय मारू लागलं. १९६९ साली त्यांनी हा प्रयोग रीतसर प्रसिद्ध केला, जेमतेम तीन महिन्यांच्या बाळांवरचा. त्यात तुलनेसाठी दुसरा गट होता. त्या बाळांनाही लटकन हलताना दिसायचे, पण ते हलवायचं दुसरंच कुणीतरी. त्यांचं पाय मारणं वाढलं नाही. खेळणं तेच, रंग तेच, हालचाल तीच. फरक एवढाच, की ती आपल्यामुळे होते आहे की नाही.

बाळांच्या थेरपीसाठी यंत्र बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या टेबलासमोर ती रिबीन टांगून ठेवावी असं मला वाटतं. लाखमोलाची मोटर, सेन्सर, संगणक हे सगळं तिच्याच नात्यातलं आहे. रिबिनीला जे जमत नाही, तेवढंच यंत्राने करायचं. रिबिनीला अगदी क्षीण हालचाल कळत नाही, ती बाळाला जागेवरून हलवू शकत नाही, डावा पाय जास्त मारला आणि उजवा कमी याची नोंद ठेवत नाही. ही तिन्ही कामं खरी आहेत आणि तिथे यंत्राची गरज आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही संशोधकांनी तर बाळाला हातही न लावणारा रोबोट वापरून पाहिला. समोर बसलेला छोटा मानवाकृती रोबोट. बाळाने पाय पुरेशा जोराने हलवला, की तोही पाय हलवून दाखवतो. बाळं निरोगी होती आणि संख्या थोडी, त्यामुळे त्यावरून थेरपीबद्दल फार बोलता येत नाही. पण मांडणी रिबिनीचीच.

आता उलट बाजू. आमच्या व्यवसायात कित्येक दशकं बाळाला ‘बरोबर’ हालचाल करवून घेण्यावर भर होता. थेरपिस्टचे हात जाणते, बाळाचं शरीर अजाण, तेव्हा हातांनी शरीराला शिकवायचं. मीही तेच शिकले. पायांची सायकल, कमरेतून फिरवणं, स्नायू ताणून धरणं. २०१३ साली आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचा एक मोठा आढावा घेतला आणि प्रत्येक उपचाराला वाहतुकीच्या दिव्यांसारखा रंग दिला. मुलाने स्वतः करायच्या, त्याच्या रोजच्या कामाशी बांधलेल्या सरावाला हिरवा. हाताळणीच्या त्या जुन्या, नावाजलेल्या पद्धतीला लाल. अनेकांना तो रंग बघून राग आला. मलाही आला होता. वीस-वीस वर्षं निगुतीने केलेलं काम असं एका तक्त्यात लाल झालेलं बघवत नाही.

पण यंत्राचा विचार करताना तोच लाल रंग कामाला येतो. माणसाच्या हातांनी बाळाला हलवून फळ मिळालं नाही, तर तेच काम मोटरने न थकता, तासाला हजार वेळा केल्यावर मिळेल असं का समजायचं? चूक वेगाने केली तरी चूकच. मोठ्या माणसांच्या पुनर्वसनात याला एक नाव पडलेलं आहे, ‘स्लॅकिंग’. रोबोटने हात धरून उचलला की शरीर आपला जोर कमी करतं. आळस म्हणून नव्हे. जे काम परस्पर होतंय त्याला ताकद न लावणं हा शरीराचा हिशेबच आहे. म्हणून पक्षाघात झालेल्या मोठ्यांसाठी यंत्र बनवणारे ‘लागेल तेवढीच मदत’ या तत्त्वाकडे वळले. मोठ्या माणसाला निदान सांगता येतं, की तुम्ही जोर लावा. पाच महिन्यांच्या बाळाला काय सांगणार?

त्यामुळे ‘या यंत्रावर बाळ अमुक मीटर सरकलं’ हा आकडा माझ्या दृष्टीने निरुपयोगी आहे. बाबागाडीतही बाळ दोन किलोमीटर जातं. मला कळायला हवं, की त्या सरकण्यातला बाळाचा वाटा किती होता, आणि पहिल्या आठवड्यापेक्षा आठव्या आठवड्यात तो वाढला का. आणि यंत्रावरून खाली उतरवल्यावर, साध्या चटईवर, काय उरलं? माझ्या हातात असतं तर अशा यंत्रांना मान्यता देताना एकच अट घातली असती. मदत आपोआप कमी कशी होत जाते ते दाखवा. जे यंत्र स्वतःला हळूहळू निकामी करत नाही, ते थेरपीचं यंत्र नाही.

मात्र माझ्या म्हणण्याचा एक सोपा विपर्यास होऊ शकतो. बाळाने स्वतः हलायचं म्हणजे घाम गाळायचा, स्नायू दमवायचे, असं मला म्हणायचं नाही. काही मुलांच्या मेंदूतली इजा इतकी मोठी असते, की ती कधीच रांगणार नाहीत. डेलावेअर विद्यापीठात कोल गॅलोवे आणि सुनील अगरवाल यांनी सात-सात महिन्यांच्या बाळांना जॉयस्टिकवर चालणाऱ्या छोट्या रोबोटवर बसवलं होतं. पुढे गॅलोवे यांनी लहान मुलांच्या बॅटरीवरच्या गाड्यांना मोठं बटण आणि पाठीला आधार लावून त्या अपंग मुलांसाठी वापरात आणल्या. बटणावर हात टेकला की गाडी चालते. यात पायाचा एक स्नायूही कामाला लागत नाही. तरी मी त्याला पूर्ण पाठिंबा देईन, कारण कुठे जायचं आणि कधी थांबायचं हे मूल ठरवतं. ‘गाडीची सवय लागली तर चालणार कसा?’ असं आजीआजोबा विचारतात, कधी डॉक्टरही विचारतात. चालणं लांबच्या वळणावर आहे, कदाचित नाहीही. तोवर मुलाने जगाकडे जायचंच नाही का? मी मोजते तो निर्णय. ताकदीचा नंबर त्यानंतर.

मांजराच्या पिल्लांवरचा एक जुना प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. १९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी पिल्लांच्या जोड्या एका फिरत्या दांडीला जोडल्या. एक पिल्लू स्वतः चालायचं. दुसरं टोपलीत बसून तेवढंच, तसंच फिरायचं. दोघांच्या डोळ्यांसमोरून सारखंच दृश्य जायचं. टोपलीतल्या पिल्लाला नंतर कडेपाशी थबकणं, जमीन जवळ आल्यावर पंजा पुढे करणं जमेना. प्रयोग क्रूर होता आणि त्याच्या अर्थावर पुढे वाद झाले, त्यामुळे मी त्यावर सगळा भार टाकत नाही. पण एखाद्या प्रदर्शनात यंत्रावर बांधलेलं बाळ टाळ्यांच्या गजरात फिरताना दिसलं, की मला ती टोपली आठवते.

मग माणसाचे हात पुरेसे नाहीत का? नाहीत, आणि हे मी हातांवर पोट असलेली बाई म्हणून सांगते. कॅरन ॲडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली १२ ते १९ महिन्यांच्या, नुकत्याच चालू लागलेल्या मुलांची पावलं मोजली. मोकळं खेळताना तासाला सरासरी २३६८ पावलं, आणि तासाला १७ वेळा पडणं. शिकण्याची खरी मात्रा ही एवढी असते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास येणारी मी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. आईवडील पुरे पडावेत म्हटलं, तर त्यांनाही झोप आणि नोकरी आहे. शिवाय अकरापर्यंत थांबणं हे सांगायला सोपं आहे. थकलेल्या माणसाचा हात तिसऱ्या आकड्यालाच बाळाचा पाय उचलतो. माझाही उचलतो. यंत्राला मात्र घाई नसते. नीट बनवलं तर ते अकरापर्यंतच काय, एकशे अकरापर्यंत थांबेल, आणि दिवसातून चारशे वेळा थांबेल. रोबोटच्या ताकदीपेक्षा त्याच्या या धीराचा मला लोभ आहे.

त्या सतरा पडण्यांकडेही नीट बघा. यंत्र बनवणारे स्वाभाविकपणे पडणं टाळू पाहतात. पट्टे, कठडे, सुरक्षित वेग. कपाळमोक्ष होऊ नये हे ठीकच. पण चुकलेली लाथ बरोबर लाथेइतकीच पुढे नेऊ लागली, तर शिकायचं काय उरलं? कोलोबे आणि फॅग यांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही प्रयत्नाला मिळणारं बक्षीस आणि चुकीतून होणारं शिकणं या दोन्हींचा विचार होता. बाळं मोजकी होती. असे अभ्यास लहानच असतात, कारण इतकी लहान बाळं, इतके नेमके आठवडे आणि इतके दमलेले पालक एकत्र आणणं कठीण. म्हणून ‘सिद्ध झालं’ हा शब्द मी अजून वापरत नाही. मोठ्या मुलांसाठी सरकत्या पट्ट्यावर पाय टाकायला लावणारी चालण्याची रोबोटिक यंत्रं येऊन बरीच वर्षं झाली. तेवढाच वेळ माणसाबरोबर केलेल्या सरावापेक्षा ती सरस आहेत, असं अजून ठामपणे दाखवता आलेलं नाही. तान्ह्यांच्या बाबतीत आपण त्याहूनही मागच्या पायरीवर आहोत. म्हणजे संशोधनाला पैसा द्या, दवाखान्यांना विक्री नको.

आणि पैसा वाटायचाच, तर पहिला वाटा यंत्राला नको.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण आपण भविष्य वर्तवायला वापरतो. हाइन्झ प्रेख्टल या ऑस्ट्रियन वैद्याने ती अक्षरशः खरी करून दाखवली. बाळाला उताणं ठेवायचं, जागं आणि शांत असताना काही मिनिटांचं चित्रण करायचं, आणि नुसतं बघायचं. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून ३ ते ५ महिन्यांच्या वयात निरोगी बाळाच्या मानेत, धडात, हातापायांत बारीक, गोलसर चुळबुळ सतत चाललेली असते. ती नसणं ही मोठी खूण आहे. २०१७ साली नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ही पाहणी, मेंदूचा एमआरआय आणि ठरावीक पद्धतीची तपासणी यांच्या आधारे सहा महिन्यांच्या आत सेरेब्रल पाल्सीचं, किंवा तिच्या मोठ्या धोक्याचं, निदान करता येतं. तरी निदान पूर्वापार एक ते दोन वर्षांच्या दरम्यान होत आलं आहे. ‘काही मुलं उशिरा करतात, बघू या’ हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकलं आहे, की पहिल्या दोन शब्दांनंतर उरलेलं मीच पूर्ण करते.

चौथ्या-पाचव्या महिन्याचं यंत्र आणि अठराव्या महिन्यात निदान. याला लग्न लागून गेल्यावर वाजंत्री म्हणतात. शिवाय अशा मुलांपैकी साधारण निम्म्यांच्या बाबतीत जन्माच्या वेळी धोक्याची काहीच खूण नसते. अपुऱ्या दिवसांचं बाळ, काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ, यांच्यावर लक्ष तरी असतं. बाकीची निम्मी लस घ्यायला येतात, वजन करून जातात, आणि एका हाताची मूठ कायम मिटलेली आहे हे आईशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. आईने सांगितलं तर तिला घाबरट ठरवतात. त्या वजनकाट्याशेजारी चुळबुळ ओळखायला शिकलेला एक माणूस बसवणं हे रोबोटइतकं देखणं नाही, त्याची बातमी होणार नाही, पण त्याच्यावाचून रोबोटला बाळच मिळणार नाही.

अजून एक भीती आहे, ती थोडक्यात सांगते. १८६१ साली विल्यम लिटल या इंग्रज शल्यवैद्याने या मुलांच्या ताठरपणाचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला, आणि तेव्हापासून आयांनी प्रसूतीचा तो एक तास मनात किती वेळा फिरवून पाहिला असेल! पुढे कळलं, की जन्मताना गुदमरणं हे कारण थोड्याच मुलांच्या बाबतीत असतं. पण अपराधीपणाला नवी जागा लगेच सापडते. उद्या ‘पहिल्या सहा महिन्यांत रोबोट मिळाला असता तर’ अशी ती जागा होऊ नये. वेळ महत्त्वाचा आहे हे सांगताना आम्हा लोकांचा आवाज नकळत धमकीचा होतो.

ती खुळखुळ्यावाली मुलगी पुढे अकरा महिन्यांची झाली तेव्हा आमच्याकडे चाकांची एक साधी फळी होती. रोबोट वगैरे नाही. मागून मी धरायची, तिचा रेटा आला की सोडायची. समोर तोच लाल खुळखुळा ठेवला होता. तिने डावीकडे भार टाकला. मला वाटलं तोल गेला, म्हणून मी फळी सरळ करायला निघाले आणि जेमतेम आवरलं. ती आणखी डावीकडे वळली. दोन मिनिटं लागली, मध्ये एकदा नाक गादीवर आपटलं, आणि ती दाराजवळ काढून ठेवलेल्या माझ्या चपलेपर्यंत पोचली. एखाद्या यंत्राला खुळखुळा हेच लक्ष्य दिलं असतं, तर त्याने तिला प्रत्येक वेळी प्रेमाने उजवीकडे वळवलं असतं. आमच्या तक्त्यात ‘लक्ष्य गाठलं का?’ असा रकाना असतो. खुळखुळा जागच्या जागी होता, तेव्हा नियमाप्रमाणे मी ‘नाही’ लिहिलं. शेजारी कंसात ‘चप्पल’ लिहिलं, आणि तिच्या तोंडातून पट्टा सोडवून घेतला.